हातभर अंतर

शांततेमुळे झोप येत नाही, अशी तक्रार मी भिवंडीबाहेरच्या माणसाजवळ केली, की तो माझ्याकडे जरा काळजीने पाहू लागतो. आमच्या गावात जन्म काढलेल्याला मात्र त्यात काही नवल वाटणार नाही. आमच्या घराच्या मागल्या भिंतीला लागून यंत्रमागांचा कारखाना होता. चोवीस माग. खटक-खट, खटक-खट असा त्यांचा घोष रात्रंदिवस चाले. पाहुणे कानांत कापसाचे बोळे घालून निजत आणि सकाळी उठून 'तुम्ही राहता तरी कसे?' असे विचारीत. आम्ही त्या आवाजात पाढे पाठ केले, त्याच आवाजात आजारी पडलो आणि बरेही झालो. वीज जाऊन माग थांबले, की आमची झोप मोडत असे.

गेल्या वर्षी आषाढात ते माग कायमचे थांबले. १९८२ साली मुंबईच्या गिरण्यांचा संप झाला आणि गिरण्यांचे पुष्कळ काम भिवंडीच्या मागांवर येऊन पडले. त्या दिवसांत आमच्या मागल्या भिंतीला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पुढे दिवस फिरले. २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा जीएसटी, २०२० ची टाळेबंदी, शिवाय सुताचे भाव आणि विजेची बिले; एकामागून एक घाव बसत गेले. शेवटी मालकाने माग वजनावर भंगारात काढले. ज्या यंत्रांनी मैलोगणती कापड विणले, त्यांची किंमत किलोवर ठरताना पाहिली आणि मी खिडकी लावून घेतली. मी स्वतः सायझिंगच्या कारखान्यात, म्हणजे सुताला खळ देतात तिथे, हिशेब लिहून निवृत्त झालेला माणूस. पण तो हिशेब मला पाहवला नाही.

माग उचलून नेता नेता भाद्रपद संपत आला. त्या मागांवर तीस वर्षे उभे राहिलेले चाचा उत्तरेतल्या आपल्या गावी परत निघाले. आदल्या संध्याकाळी ते आमच्या दारात आले. हातात सुताची रिकामी गोणी, आणि गोणीच्या तोंडातून बाहेर आलेले एक तोंड.

"बाबूजी, इसको कहाँ ले जाऊँ?" ते म्हणाले. "कारखाने में पैदा हुई. घर में रखना, बाबूजी. बाहर ट्रकें बहुत हैं."

मी मान डोलावली. मान डोलावणे फार सोपे असते.

खळीच्या सुतावर उंदीर पडतात, म्हणून कारखान्यात मांजर लागतेच. हिचा रंग कोऱ्या मांजरपाटासारखा, पाठीवर दोन तपकिरी डाग, एका कानाचे टोक सरळ रेषेत छाटलेले. अंगाने सडपातळ. मागावर धोट्यात बसवतात त्या कांडीवरून चाचांनी तिचे नाव ठेवले होते कांडी. वय असेल चार-पाच वर्षांचे. म्हणजे मांजरांच्या हिशेबाने चांगली संसारी बाई.

इथे एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या घरात आधीच एक मांजर होते.

मनी आमच्याकडे आली तेव्हा मुठीत मावत होती. आता ती नऊ वर्षांची आहे, काळी-पांढरी, भारदस्त आणि मतांची पक्की. सकाळी देवघरापुढच्या उन्हाच्या चौकोनात बसायचे, दुपारी माझ्या आरामखुर्चीत, संध्याकाळी ओट्यावर बसून रस्त्याने जाणाऱ्यायेणाऱ्यांना नापसंती दर्शवायची, असा तिचा दिनक्रम. घरातल्या कोणत्याही बदलाला तिचा आधी विरोध असतो. नवीन पडदे लावले तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

असे असताना मी मनाशी म्हटले, मनीला सोबत होईल. जगातले निम्मे अनर्थ दुसऱ्याला सोबत हवी आहे असे आपणच ठरवून टाकल्यामुळे होतात.

मी गोणी माजघराच्या मधोमध ठेवली आणि सोडली. मनी खुर्चीत होती. पुढे काय झाले याचा क्रम मला अजूनही नीट सांगता येत नाही. एक किंकाळी उठली, ती मनीची होती की सौ.ची हे ठाऊक नाही, तांब्या कलंडला, दोन शेपट्या बाटल्या धुण्याच्या ब्रशासारख्या फुगल्या, मी मध्ये हात घातला आणि तो रक्तबंबाळ होऊन बाहेर आला. मला डॉक्टरांकडे जाऊन सुया टोचून घ्याव्या लागल्या. परत येऊन पाहतो तो कांडी शिवणयंत्राच्या मागे, मनी माळ्यावर आणि सौ. स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून.

"पितृपंधरवड्यात घरात नवीन काही आणू नये म्हणतात, ते उगाच नाही," ती म्हणाली.

मनी दोन दिवस माळ्यावरून उतरली नाही. दुधाला तोंड लावले नाही, मासळीला लावले नाही. दुसऱ्या रात्री सौ.ने माझ्यापुढे ताट ठेवले आणि शांतपणे सांगितले, "अहो, वसुबारसेपर्यंत बघा. जमलं तर जमलं. नाही तर त्या दुसरीला एखाद्या गोदामात सोडून या. तिथं उंदीर पुष्कळ असतात. आपल्या मनूचा जीव जायला नको."

तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. कशेळी, काल्हेर, पूर्णा या बाजूला आता मागांपेक्षा गोदामेच अधिक दिसतात. आणि मांजराचे गोदामाशी नाते जुने आहे. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाजवळच मांजर पुरलेले सापडले, हे २००४ साली प्रसिद्ध झाले. माणसाने धान्य साठवायला सुरुवात केली, धान्याला उंदीर आले आणि उंदरांमागून मांजर आपल्या पायांनी आले, असे जाणकार सांगतात. पण साडेनऊ हजार वर्षांचा इतिहास एका बाजूला आणि चाचांचे 'घर में रखना' दुसऱ्या बाजूला. आग्रा रोडवरचे ट्रक मी रोज पाहतो. अनोळखी जागी सोडलेले मांजर आपल्या जुन्या ठिकाणाकडे निघते, हेही मला माहीत होते. आणि हिचे जुने ठिकाण तर आता राहिलेच नव्हते.

तिसऱ्या दिवशी मी मनीला टोपलीत घालून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी तिला तपासले, औषध दिले आणि आधी मलाच फैलावर घेतले.

"काका, मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतावर येतं. लगेच का आणलं नाही? आणि पहिल्याच दिवशी समोरासमोर कसं आणलंत? सकाळी उठून पाहावं तर आपल्या पाटावर कोणी परका जेवायला बसलेला, असं तुमचं झालं तर?"

मग त्यांनी मला सारा विधी समजावून सांगितला आणि मी तो जुन्या सवयीने वहीत उतरवून घेतला. नवीन मांजराला वेगळी खोली. तिथेच त्याचे पाणी, बशी, वाळूचे घमेले आणि लपायला एक खोका. घमेली मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त. दोघींना एकाच वेळी खायला द्यायचे, पण बंद दाराच्या दोन बाजूंना. बशा आधी लांब, मग दिवसागणिक दाराजवळ. मांजर आपले-परके नाकाने ठरवते. त्याच्या गालांवर आणि कपाळावर वासाच्या ग्रंथी असतात. म्हणून एकीच्या गालावरून फडके फिरवून दुसरीच्या बशीखाली ठेवायचे. ते अंगवळणी पडले की खोल्यांची अदलाबदल, मग दाराला फट, मग थोडा वेळ नजरेखाली एकत्र.

"आणि फिस्कारल्या तर रागावू नका," बाई म्हणाल्या. "फिस्कारणं म्हणजे भांडण नाही. भांडण टाळायची ती भाषा आहे. आणि लाड आधी जुनीचे करा. आपली जागा गेली नाही हे तिला कळलं पाहिजे."

नंतर कांडीलाही दाखवून लस टोचून आणली. तिच्या छाटलेल्या कानाचा अर्थ तेव्हा कळला. ती भांडणातली जखम नव्हती. नसबंदी झाल्याची खूण होती.

राहता राहिला प्रश्न खोलीचा. आमचे घर जुने, पण लहान. मी काही बोलण्याआधीच आई खाटेवरून म्हणाली, "माझ्या खोलीत ठेव तिला. दाराआड कसं राहायचं ते मी सांगेन तिला."

आई ब्याऐंशी वर्षांची आहे. ती अधूनमधून असे काही बोलते आणि मग पुन्हा वाती वळू लागते. त्यामुळे मी फारसे मनावर घेतले नाही.

घटस्थापनेच्या दिवशी आईच्या खोलीचे दार लागले. देवघरात घट बसले, आत कांडी बसली. शेजारच्या खाला नवरात्राची रांगोळी पाहायला आल्या, तेव्हा त्यांनी कौतुकाने चौकशी केली. कांडीने आईच्या पेल्यातले पाणी प्यायल्यावरून सौ. कुरकुरत होती, तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे भाभी, बिल्ली का जूठा नापाक नहीं होता. हमारे यहाँ तो हदीस में है." सौ. म्हणाली, "तुमच्यात नसेल, आमच्यात असतं," आणि दोघीही हसल्या. पेला मात्र त्या दिवसापासून कांडीचा झाला.

पहिली अडचण रात्री आली. कांडी झोपेना. रात्रभर खोलीत फेऱ्या घाली, मागल्या भिंतीला कान लावून बसे आणि ओरडे. आईलाही झोप नाही. तिसऱ्या रात्री माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जी तक्रार माझी, तीच तिची! जन्मल्यापासून जिने मागांच्या घोषात झोप घेतली, तिला ही शांतता खायला उठत होती. गावात अजून पुष्कळ माग चालू आहेत. दुसऱ्या दिवशी मी कामतघरच्या बाजूला ओळखीच्या एका कारखान्यात गेलो आणि दारात उभा राहून मोबाईलवर तासभर आवाज भरून घेतला. कामगार माझ्याकडे पाहून एकमेकांना खुणा करीत होते.

रात्री आईच्या उशाशी मोबाईल ठेवला. खटक-खट, खटक-खट. कांडी भिंतीपासून उठली, मोबाईलभोवती एकदा फिरली, आणि आईच्या पायाशी वेटोळे करून जी झोपली ती सकाळपर्यंत. आई झोपली. दाराबाहेर आरामखुर्चीत मीही झोपलो. एकट्या सौ.ने सकाळी विचारले, "हे किती दिवस चालायचं?" ती कल्याणची आहे.

त्या नऊ दिवसांतच एक रात्र अशी आली, की तिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला. दाराच्या या बाजूला मी मनीला मांडीवर घेऊन बसलो होतो. तिच्या बशीखाली कांडीच्या गालावरून फिरवलेले मांजरपाटाचे फडके होते आणि ती त्याच्याकडे, आपल्याला कोणी निनावी पत्र पाठवावे तशी पाहत होती. आतून आईचा आवाज आला. ती कांडीशी बोलत होती.

"घाई करू नको, बाई. ती आधीची आहे. तिचं घर आहे. तू नुसती राहा. वास लागू दे. आपण होऊन येईल."

मी मनीच्या पाठीवरचा हात थांबवला.

वाचकहो, ही माझी आई मला जन्म देणारी आई नव्हे. मी सहा वर्षांचा असताना माझी आई गेली. पुढल्या वर्षी, म्हणजे १९६४ साली, वडिलांनी दुसरे लग्न केले आणि एकवीस वर्षांची ही मुलगी आमच्या घरात आली. मी सात वर्षांचा होतो आणि घरावर माझा हक्क होता. माझ्या बाजूनेही फिस्कारणे झाले. मी तिच्या हातचे जेवत नसे. तिने दूध ठेवले की कोनाड्यामागे सांडून येई. आईच्या पाटावर ती बसली म्हणून मी तो पाट विहिरीत टाकला होता. तिला काय म्हणून हाक मारायची, हा प्रश्न मी सोपा करून टाकला होता: हाकच मारत नसे.

तिने मला कधी जवळ ओढले नाही. नातेवाईक बायका म्हणत, 'अगं, घे त्याला पोटाशी, म्हणजे लळा लागेल.' ती हसे, पण घेत नसे. ताट वाढून ती स्वयंपाकघरात निघून जाई. मी एकटा जेवावे म्हणून. पुढे पुढे ती दारापर्यंत थांबू लागली. मग उंबऱ्यावर. पहिल्या हिवाळ्यात तिने एक गोधडी शिवली. तिच्या एका अंगाला माझ्या आईचे हिरवे लुगडे होते आणि दुसऱ्या अंगाला तिचे स्वतःचे, माहेराहून आलेले. मी आईच्या बाजूने ती पांघरत असे. पण झोपेत माणूस कूस बदलतो; गोधडीही उलटीसुलटी होते. केव्हातरी दोन्ही वास मला एकच वाटू लागले. केव्हा, ते सांगता यायचे नाही.

फडके एकीच्या गालावरून दुसरीच्या बशीखाली. डॉक्टरीणबाईंनी वहीत लिहून दिलेले शास्त्र आईने साठ वर्षांपूर्वी सुईदोऱ्याने केले होते. आणि ते मला, एक आरामखुर्ची, एक मांजर आणि एक बंद दार मधे आल्यावर, आता कळत होते.

त्यानंतर मी आईचे कांडीशी वागणे लक्ष देऊन पाहू लागलो. ती कांडीकडे रोखून कधी बघायची नाही. बघितलेच, तर डोळे हळूच अर्धवट मिटून, मान वळवून. २०२० साली इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी प्रयोगांनी दाखवून दिले, की माणसाने सावकाश डोळे मिचकावले तर मांजरही तसेच उत्तर देते आणि जवळ यायला अधिक राजी होते. आईला हे सांगितले तर ती म्हणाली, "अरे, रोखून बघितलेलं कोणाला आवडतं?"

कोजागरीपर्यंत दोन्ही बशा दाराशी आल्या. पुढल्या आठवड्यात दाराला चार बोटे फट ठेवली. मनी फिस्कारली, कांडीने मागे सरून उत्तर दिले, आणि दोघींनी खाणे पुरे केले. सौ.ने ते पाहिले, पण मत राखून ठेवले. वसुबारस आली, तेव्हा प्रगती एवढीच होती. संध्याकाळी गायवासराची पूजा करून ती घरात आली. मी मुदतीची आठवण करून दिली नाही, आणि ती म्हणाली, "आज मुक्या जनावराला घराबाहेर काढायचा दिवस नव्हे." मग थोडे थांबून, "भाऊबीजेपर्यंत बघू."

नरकचतुर्दशीच्या पहाटे आम्ही नेहमीप्रमाणे उठलो. उटण्याचा वास, पणत्या, दाराशी फोडायचे कारीट. इतक्यात गल्लीत फटाक्यांची माळ लागली, मग दुसरी, मग सुतळी बॉम्ब. मनी दरवर्षी त्या आवाजाने माळ्यावर पळते आणि दुपारपर्यंत खाली येत नाही. या वर्षी ती माळ्यावर नव्हती. आम्ही सारे घर शोधले. आईच्या खोलीचे दार कलते राहिले होते. मी वाकून खाटेखाली पाहिले.

खाटेखाली ती जुनी गोधडी अंथरलेली होती. आईने ती कांडीला दिली होती आणि मी 'ती गोधडी?' म्हणून कुरकुरलो तेव्हा 'गोधडी वापरायलाच असते' म्हणाली होती. तिच्या एका टोकाला कांडी पसरली होती, अगदी निवांत. मागांच्या घोषात वाढलेल्या तिला सुतळी बॉम्बाचे काय! दुसऱ्या टोकाला मनी अंग चोरून बसली होती. बाहेर बार उडाला की ती दचके, कांडीकडे बघे, कांडी शांत आहे असे पाही आणि पुन्हा मान खाली घाली. दोघींमध्ये हातभर अंतर होते.

मी आपला अभ्यंगस्नान न करता तसाच जमिनीवर बसून राहिलो. सौ. उटण्याची वाटी घेऊन आली, वाकली, पाहिले, आणि काही न बोलता वाटी ठेवून कांडीच्या पेल्यात पाणी भरून आणले.

तेव्हा, इतकी वर्षे मनात राहिलेली एक गोष्ट मी आईला विचारली. ती आल्यावर वर्षभराने एका दुपारी ती भाजी चिरत पाठमोरी बसली होती. माझ्या पेन्सिलीचे टोक मोडले होते. 'आई, पेन्सिल,' असे माझ्या तोंडून निघून गेले. पहिल्यांदाच. मी घाबरून उभा राहिलो. ती वळली नाही. चिरता चिरता तिने मागे हात केला, पेन्सिल घेतली, विळीवर टोक काढले आणि तशीच मागे धरली. पुढे मला कितीदा वाटले, की तिला ऐकूच गेले नसावे, किंवा त्या हाकेचे तिला काही वाटले नसावे.

"आई, तू तेव्हा वळली का नाहीस?"

आई खाटेवर बसून पाय हलवीत होती. खाली दोन मांजरे होती, म्हणून तिने पाय उचलून वर घेतले.

"वळले असते, तर तू पळाला असतास," ती म्हणाली. "आणि तोंड कसं दाखवणार होते? डोळे भरून आले होते रे माझे."

मनी आणि कांडी यांची मैत्री झाली, असे मी लिहिणार नाही. त्या एकमेकींना चाटत नाहीत, एका बशीत खात नाहीत. उन्हाचा चौकोन सकाळी मनीचा आणि ती उठली की कांडीचा. कधीमधी फिस्कारणे होते. मधले अंतर या वर्षभरात हातावरून वितीवर आले आहे. मी ते कमी करायला जात नाही.

रात्री मोबाईल लावायचा मात्र राहून जातो. कांडीला आता त्याची गरज पडत नाही. मलाच कधी झोप आली नाही, तर मी उठून आईच्या खोलीच्या दाराशी जातो. आत तिघींच्या श्वासाचा आवाज येत असतो. तो मागांइतका मोठा नसतो, पण पुरतो.